अक्षरावर मालकी कुणाची?

१० ऑक्टोबर १९९४ रोजी होकोन वियम ली या नॉर्वेजियन तरुणाने एक छोटासा प्रस्ताव जाहीर केला. तो तेव्हा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्यासोबत काम करत होता. वेबपानावरचा मथळा केवढा, परिच्छेदाचा फॉन्ट कोणता, रंग कोणता, हे मजकुरात कालवून टाकू नये. ते वेगळं लिहून ठेवावं आणि तेच लिखाण हव्या तितक्या पानांना लावावं, असं त्यात म्हटलं होतं. नमुन्याच्या एका ओळीत पहिल्या दर्जाच्या मथळ्याचा आकार २४ पॉइंट असं सांगून पुढे १०० टक्के लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या दर्जाच्या मथळ्याला २० पॉइंट, आणि पुढे ४० टक्के.

हे टक्के आकाराचे नव्हते, आग्रहाचे होते. पहिल्या मथळ्याच्या बाबतीत त्या ओळी लिहिणाऱ्याला शंभर टक्के हक्क हवा होता. दुसऱ्याच्या बाबतीत त्याची मागणी चाळीस टक्क्यांचीच होती, बाकीचं दुसऱ्यांवर सोडलेलं. लेखक आणि वाचक दोघेही आपली पसंती लिहून ठेवणार, आणि कुणाच्या मागणीला किती वजन हे पाहून ब्राउझर निवाडा करणार. व्यवहारात हे जमणं अवघड होतं, त्यामुळे टक्के लवकरच गळाले. पण पडद्यावरच्या अक्षराचं रूप ठरवण्याचा हक्क वाटून घेण्याची गोष्ट आहे, हे इतक्या उघडपणे पुन्हा कुणी आकड्यांत मांडलं नाही.

आज कुठल्याही मोठ्या अ‍ॅपचा कोड उघडला तर त्यात ‘टेक्स्ट’ किंवा ‘टायपोग्राफी’ नावाचा एक कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा, हमखास सापडतो. पडद्यावर दिसणारा प्रत्येक शब्द त्यातूनच जावा, अशी टीमची अपेक्षा असते. नवा डेव्हलपर त्याकडे निव्वळ सोय म्हणून पाहतो. खरं तर तो तीसेक वर्षं चाललेल्या एका मालकीच्या वादातला अलीकडचा निकाल आहे.

वादाची मुळं वेबच्याही आधीची. छापखान्यात हस्तलिखितावर समासात खुणा करण्याचा रिवाज होता: इथे ठळक, इथे बारा पॉइंट, इथे ओळ मध्यात. संगणकावर छपाईचं काम सुरू झालं तेव्हा याच खुणा सांकेतिक रूपात मजकुरात शिरल्या, आणि एका यंत्रासाठी तयार केलेली फाइल दुसऱ्या यंत्राला निरुपयोगी ठरू लागली. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रण कार्यालयात झालेल्या एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकूर आणि त्याची मांडणी वेगळी ठेवण्याचा मुद्दा मांडला. १९६९ मध्ये आयबीएममधल्या चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी त्याच दिशेने जीएमएल ही खुणांची भाषा तयार केली. तिच्या नावातली तीन अक्षरं या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही आहेत. ‘हे ठळक करा’ असं न लिहिता ‘हा मथळा आहे’ असं लिहायचं आणि मथळा कसा दिसावा ते दुसरीकडे, एकदाच सांगायचं, हा तिचा गाभा. १९८६ मध्ये त्याचं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल घडवताना त्याचाच आधार घेतला.

पण अर्धाच. बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरमध्ये साधं स्टाइलशीट, म्हणजे रूपाचे नियम वेगळे लिहून ठेवण्याची सोय, होतं, तरी ते लिहिण्याची रीत त्यांनी जाहीर केली नाही. पान कसं दिसावं हे ज्याच्या त्याच्या ब्राउझरने पाहावं, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे लेखकाने अर्थ सांगायचा आणि रूप वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं. शास्त्रज्ञांचे शोधनिबंध एकमेकांना दाखवायचे तोवर यात कुणाचं काही अडलं नाही.

१९९३ मध्ये मोझेक ब्राउझर आला आणि वेबवर जाहिरातवाले, मासिकवाले, दुकानदार दाखल झाले. आपलं नाव आपल्याच रंगात दिसलं पाहिजे हा त्यांचा पहिला हट्ट. वियम ली यांच्या प्रस्तावानंतर तीनच दिवसांनी, पुढे नेटस्केप म्हणून गाजलेल्या कंपनीने आपला ब्राउझर लोकांपुढे ठेवला आणि त्या हट्टाला सरळ दार उघडून दिलं. मजकूर मध्यात आणणारा टॅग आला, लुकलुकणारा टॅग आला आणि अक्षराचा आकार बदलणारा ‘फॉन्ट’ टॅगही आला. रंगाची सोय मागून झाली. फॉन्टचं नाव सांगण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जोडली.

फॉन्ट टॅगची गंमत अशी, की शिकायला पाच मिनिटं लागत आणि निस्तरायला वर्ष. तो वापरून केलेलं पान आतून पाहिलं की डोकं गरगरतं. टेबलाबाहेर दिलेला फॉन्ट तेव्हाच्या ब्राउझरांत टेबलाच्या खान्यात उतरत नसे, म्हणून चाळीस खान्यांच्या दरपत्रकात चाळीस वेळा तोच टॅग, तोच रंग, तोच आकार. आणि त्या काळी पानाची सगळी मांडणीच टेबलांवर होत असे. मालकाने उद्या निळ्याऐवजी हिरवा म्हटलं, की प्रत्येक पानात शोधा आणि बदला. एखादा टॅग नजरेतून सुटला की हिरव्या पानात एक निळी ओळ वर्षानुवर्षं तशीच राही. याहून कडक डिझायनरांनी तर मजकुराचंच चित्र बनवून पानावर चिकटवायला सुरुवात केली. चित्रातला फॉन्ट कुणाच्या बापाला बदलता येत नाही, पण ते अंध वाचकाच्या यंत्राला वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही नाही.

मराठीत या टॅगने आणखी वेगळाच खेळ केला, आणि त्याची नोंद इंग्रजीत लिहिलेल्या वेबच्या इतिहासांत सहसा नसते. तेव्हाचे ‘शिवाजी’सारखे देवनागरी फॉन्ट आठ बिटांचे होते. रोमन अक्षरांच्या जागांवर त्यांत अर्धी व्यंजनं, काना, वेलांट्या, रफार यांचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असत ती रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं. फॉन्ट टॅगमध्ये त्या फॉन्टचं नाव असेल आणि तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असेल, तरच मराठी दिसायचं. नाहीतर पडद्यावर कंस, टक्के, डॉलर आणि कॅपिटल अक्षरांचा कचरा. म्हणून मराठी साइटवर वरच्या कोपऱ्यात ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी पाटी असायची. पानासोबत फॉन्ट पाठवण्याच्या ‘डायनॅमिक फॉन्ट’च्या युक्त्याही होत्या, पण इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक प्रकार आणि नेटस्केपसाठी निराळा.

गोल्डफार्बच्या तत्त्वाचा याहून पुरता पराभव शोधून सापडणार नाही. इंग्रजी पानातून फॉन्ट टॅग काढला तर पान कुरूप होई. मराठी पानातून काढला तर मजकूरच नाहीसा होई. मराठीत अर्थ रूपाच्या आत कोंडलेला होता. एका फॉन्टमध्ये टंकलेलं दुसऱ्यात नेलं की निरर्थक, शोधयंत्राला त्यातला एकही शब्द कळत नसे, आणि जुन्या मजकुराचं रूपांतर करून देणारे ‘कन्व्हर्टर’ हा एक वेगळा उद्योगच झाला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण सर्वसाधारण संगणकावर ती नीट जुळून दिसण्यासाठी विंडोज २००० यावं लागलं. त्यात आलेला ‘मंगल’ फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखलेला. अक्षराचा अर्थ फॉन्टच्या कचाट्यातून सुटला, तेव्हा कुठे मराठी मजकुराला ‘स्टाइल’ करण्याचा प्रश्न निर्माण झाला.

इकडे वियम ली यांना नेदरलंड्सचे बर्ट बॉस येऊन मिळाले होते. बॉस स्वतःचा ब्राउझर बनवत होते आणि त्यांच्याही डोक्यात स्टाइलशीटची एक कल्पना होती. दोघांनी मिळून सीएसएस घडवलं. ऑगस्ट १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ ने त्याला अर्धामुर्धा आधार दिला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली पातळी अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. नेटस्केपने त्याच सुमारास जावास्क्रिप्टमधून स्टाइल लिहिण्याची आपली पर्यायी पद्धत पुढे केली होती. ती मानक म्हणून कुणी उचलली नाही. त्यांच्या चौथ्या आवृत्तीत सीएसएस आतल्या आत त्या पद्धतीत रूपांतरित होई, त्यामुळे जावास्क्रिप्ट बंद केलं की पानाची स्टाइलही जाई. लोकांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण जावास्क्रिप्टची ही वाट वेबवर पुन्हा येणार होती.

टक्के गेले तरी तडजोडीचं तत्त्व सीएसएसमध्ये राहिलं. ब्राउझरचं एक स्टाइलशीट, वाचकाचं एक, लेखकाचं एक, अशी तिघांची उतरंड. सर्वसाधारणपणे लेखकाचं वाचकापेक्षा वरचढ. पण एखाद्या नियमापुढे ‘इम्पॉर्टंट’ अशी खूण केली तर काय? पहिल्या पातळीत अशा खुणेच्या लढतीतही लेखकच जिंकत असे. मे १९९८ च्या दुसऱ्या पातळीत हा निकाल जाणूनबुजून फिरवला गेला. वाचकाने ‘इम्पॉर्टंट’ म्हटलं की लेखकाच्या ‘इम्पॉर्टंट’वर त्याची मात. ज्याला मोठीच अक्षरं वाचता येतात किंवा काळ्यावर पिवळंच दिसतं, त्याचा शब्द शेवटचा. मानकांच्या कंटाळवाण्या कागदपत्रांत इतका माणुसकीचा निर्णय क्वचित आढळतो.

पुढची काही वर्षं ब्राउझरांच्या चुकांशी झटापट करण्यात गेली. मार्च २००० मधल्या मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ पर्यंत पहिल्या पातळीचं सीएसएस जवळपास पूर्ण आणि अचूक असा प्रचलित ब्राउझर नव्हताच. मे २००३ मध्ये कॅनडाच्या डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. मजकुराचं एचटीएमएल एकच, त्याला हात लावायचा नाही. जगभरच्या डिझायनरांनी फक्त आपापलं स्टाइलशीट पाठवायचं. तोच मजकूर एकदा जपानी बागेसारखा, एकदा सिनेमाच्या पोस्टरसारखा, एकदा जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसू लागला. मजकूर आणि रूप वेगळं ठेवता येतं याचा इतका देखणा पुरावा दुसरा झाला नाही.

पण झेन गार्डन एका पानाचं होतं, आणि त्याचं प्रत्येक स्टाइलशीट सहसा एका माणसाच्या हातचं. शंभर माणसं दहा वर्षं एकाच साइटवर राबतात तेव्हा गोष्ट बदलते.

सीएसएसमध्ये सगळे नियम एकाच मोकळ्या मैदानात असतात. कुणी ‘शीर्षक’ नावाचा वर्ग केला की तो सगळ्या साइटला लागतो. दुसऱ्या टीमला थोडं लहान शीर्षक हवं असतं. जुन्याला हात लावला तर कुठे काय मोडेल याचा भरवसा नाही, म्हणून ती ‘शीर्षक-छोटं’ करते. तिसरी टीम ‘शीर्षक-छोटं-नवं’. जुना नियम काढायची हिंमत कुणाची होत नाही. यावर उपाय म्हणून शिस्तीच्या पद्धती निघाल्या: निकोल सलिव्हन यांचं ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड सीएसएस’, रशियाच्या यांडेक्स कंपनीतून आलेलं ‘बेम’, २०११ मध्ये ट्विटरच्या दोन कर्मचाऱ्यांनी खुलं केलेलं ‘बूटस्ट्रॅप’. शिस्त माणसांनी पाळायची होती, म्हणजे ती किती पाळली गेली हे उघड आहे. ‘टेलविंड’ या सीएसएस फ्रेमवर्कचे निर्माते अ‍ॅडम वॉथन यांनी २०१७ मध्ये काही नामांकित साइटांच्या स्टाइलशीटांतल्या नोंदी मांडल्या. गिटहबवर अक्षरांचे ५६ वेगळे आकार आणि मजकुराचे १६३ रंग. गिटलॅबवर आकार ५९ आणि रंग ४०२. चारशे दोन करडे-निळे ठरवून कुणी निवडत नाही, ते साचतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकमधल्या ख्रिस्तोफर शेदो यांनी एका परिषदेत भाषण दिलं. मोठ्या प्रमाणावर सीएसएस वापरताना येणाऱ्या सात अडचणी त्यांनी एकेक करून मांडल्या: सगळं मैदान सामाईक असणं, मेलेला कोड ओळखता न येणं, एका भागाचं रूप दुसऱ्याने परस्पर बदलणं वगैरे. आणि मग सुचवलं की स्टाइल जावास्क्रिप्टमध्येच, कंपोनंटच्या शेजारी लिहावी. नेटस्केपच्या त्या फसलेल्या प्रयोगाच्या आठवणी ताज्या असणाऱ्यांना हे पाखंड वाटलं. मजकूर, रूप आणि वर्तन तीन वेगळ्या फायलींत, हे तर पंधरा वर्षं घोकून घेतलेलं सूत्र होतं. पण २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ‘रिअ‍ॅक्ट’ने पानाचे तुकडे पाडायची रीत बदललीच होती. बटण म्हणजे त्याचा मजकूर, रूप आणि वागणं मिळून एक वस्तू. २०१६ मध्ये ‘स्टाइल्ड कंपोनंट्स’ ही लायब्ररी आली आणि ही रीत घरोघरी पोचली.

मजकुराचा स्वतंत्र कंपोनंट मात्र सगळ्यात सक्तीने रुजवला तो मोबाइलवर. मार्च २०१५ मध्ये खुल्या झालेल्या ‘रिअ‍ॅक्ट नेटिव्ह’मध्ये नुसता शब्द पडद्यावर ठेवताच येत नाही. ‘टेक्स्ट’ कंपोनंटच्या बाहेर एक अक्षर जरी सांडलं तरी अ‍ॅप त्रुटी दाखवतं. वेबवर पानाच्या मुळाशी एकदा फॉन्ट सांगितला की तो खालच्या सगळ्या मजकुराला वारशाने मिळतो. इथे तो वारसा फक्त एका ‘टेक्स्ट’च्या आतल्या ‘टेक्स्ट’पुरता. मग सगळ्या अ‍ॅपचा फॉन्ट एकसारखा कसा ठेवायचा? दस्तऐवजातच सल्ला आहे: ‘माय-अ‍ॅप-टेक्स्ट’ असा स्वतःचा कंपोनंट बनवा, त्यात फॉन्ट आणि आकार ठरवा, आणि सगळीकडे तोच वापरा. मोठा मथळा हवा असेल तर त्याच्यावरून दुसरा बनवा.

असा कंपोनंट जवळून पाहण्यासारखा असतो. बाहेरून त्याला दोन-चारच गोष्टी विचारता येतात. प्रकार कोणता: मथळा, उपमथळा, मुख्य मजकूर, टीप. रंग कोणता: ठळक, फिका, धोक्याचा. किती ओळींनंतर तोडायचं. सतरा पिक्सेल हवेत असं सांगायची सोयच नसते. आकार, वजन, ओळींमधलं अंतर, अक्षरांमधलं अंतर हे सगळं आत एका कोष्टकात बसवलेलं असतं आणि त्या कोष्टकाची चावी डिझाइन टीमकडे. गूगलच्या ‘मटेरियल’ पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा मूळ मजकूरशैली १५ आहेत: पाच भूमिका आणि प्रत्येकीचे मोठा, मध्यम, लहान असे तीन आकार. गिटलॅबच्या ५९ आकारांशेजारी हा आकडा ठेवला की या कंपोनंटची हाव कळते.

चांगल्या कंपोनंटमध्ये आणखी एक बारकावा असतो. ‘दिसतो कसा’ आणि ‘आहे काय’ या दोन गोष्टी त्यात वेगवेगळ्या सांगता येतात. ‘मटेरियल यूआय’च्या ‘टायपोग्राफी’त एखादी ओळ तिसऱ्या दर्जाच्या मथळ्यासारखी दाखवून एचटीएमएलमध्ये मात्र ती दुसऱ्या दर्जाचा मथळा ठेवता येते. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस मथळ्यांवरून उड्या मारत पान वाचतो. त्याला दर्जा महत्त्वाचा, आकार नव्हे. १९९५ मध्ये लोक मोठी अक्षरं हवीत म्हणून मथळ्याचा टॅग लावत आणि लहान हवीत म्हणून सहाव्या दर्जाचा. जीएमएलचा जुना धडा असा बटणाएवढ्या जागेत परत आला, तोही शेदोंच्या पाखंडातून. तत्त्व मोडणाऱ्यांनीच ते नीट पाळलं, असं म्हणायला हरकत नाही.

फायदे खरे आहेत. २०२० मध्ये फेसबुकने आपली साइट नव्याने बांधली. जुन्या साइटच्या मुख्य पानासोबत दाबून लहान केलेलं ४०० किलोबाइटहून जास्त सीएसएस येत असे, म्हणजे उलगडल्यावर २ मेगाबाइट, आणि पहिल्या चित्रणाला त्यातलं १० टक्केच लागे, असं कंपनीच्या इंजिनियरांनी लिहिलं. नव्या बांधणीत स्टाइल कंपोनंटांच्या शेजारी आली आणि मुख्य पानाचं सीएसएस ८० टक्क्यांनी घटलं. अर्थात प्रत्येक टेक्स्ट कंपोनंटला कधी ना कधी एक चोरदरवाजा पाडला जातो. कुठल्या तरी सणाच्या मोहिमेसाठी मार्केटिंगला एकोणीस पिक्सेल हवेच असतात, मुदत शुक्रवारची असते, आणि कंपोनंटला ‘जादाची स्टाइल’ स्वीकारणारी एक खिडकी मिळते. वर्षभराने त्या खिडकीतून किती माल आत आलाय ते पाहण्यासारखं असतं.

या सगळ्या व्यवहारात वाचक कुठे राहिला? वियम ली यांच्या हिशेबात त्याचाही टक्क्यांत वाटा होता. दुसऱ्या पातळीच्या सीएसएसने त्याला शेवटचा शब्द दिला. पण वाचकाचं स्टाइलशीट लिहायला सीएसएस यावं लागतं, आणि ते वापरणारे मूठभरच राहिले. २०१४ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकली. फायरफॉक्समध्ये ती २०१९ पासून मुद्दाम चालू करावी लागते. तिची जागा थोडीफार ‘रीडर’ बटणाने घेतली. २०१० मध्ये सफारीत आलेलं हे बटण लेखकाची सगळी सजावट बाजूला सारून नुसता मजकूर पुढे ठेवतं. शिवाय २०१८ च्या सुगम्यतेच्या निकषांनी डिझायनरांवर एक बंधन घातलं: वाचकाने ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट केलं, अक्षरांमधलं ०.१२ पट आणि शब्दांमधलं ०.१६ पट वाढवलं, तरी मजकूर कापला जाता कामा नये. ठरावीक उंचीच्या चौकटीत अक्षरं कोंबणारे अनेक कंपोनंट या परीक्षेत नापास होतात.

मराठीला अशा परीक्षेची वेगळी गरजच पडत नाही. कंपोनंटमधलं ते कोष्टक बहुतेक वेळा रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून भरलेलं असतं, आणि मराठी मजकूर त्यात ओतला की प्रत्येक खाना बोलू लागतो. मथळ्याला ओळीची उंची १.१ पट दिलेली असते. ‘पूर्ती’ किंवा ‘कर्तृत्व’ लिहिलं, त्यात लांब मजकूर तोडण्यासाठी चौकटीबाहेरचं झाकलेलं असलं, की वरचा रफार किंवा खालचा ऋकार छाटला जातो. छोट्या लेबलांना ऐटीसाठी अक्षरांमध्ये अंतर दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटून शब्दाचे दात दिसायला लागतात. तीच लेबलं कॅपिटल करण्याची सूचनाही कोष्टकात असते. मराठीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे सूचना गुपचूप वाया जाते आणि बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळं दिसावं म्हणून घडवलेलं लेबल नुसतंच बारीक होऊन बसतं. तिरप्या अक्षरांची परंपरा देवनागरीत नाही. तिरपा फॉन्ट नसला की ब्राउझर सरळ अक्षरांनाच ढकलून तिरकं करतो. फॉन्टच्या यादीत रोमन फॉन्ट पहिला असतो, म्हणून स्वल्पविराम त्याचा, अक्षरं दुसऱ्याची, आणि एकाच १६ पिक्सेलमध्ये मराठी इंग्रजीपेक्षा लहान दिसते.

‘मटेरियल’च्या मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई लिप्यांना ‘उंच’ लिप्यांचा वेगळा गट करून ओळीला जास्त उंची देण्याची सूचना होती. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे देवनागरी आणि रोमन एकत्र विचार करून घडवलेले फॉन्ट आता फुकट मिळतात. म्हणजे उपाय आहेत, फक्त ते कंपोनंटच्या आत कुणीतरी नेऊन बसवावे लागतात. सगळ्यात हुकणारी गोष्ट तर आकाराचीही नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतली अक्षररूपं ठरवून दिली. त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपं आहेत, हिंदीत चालतात ती नव्हेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकूर मराठी आहे अशी खूण एचटीएमएलमध्ये असली की फॉन्ट आपणहून मराठी वळण देतो. अनेक टेक्स्ट कंपोनंट भाषेची ही खूण विचारतच नाहीत. पान इंग्रजी म्हणून जाहीर झालेलं असतं, मजकूर मराठी असतो, आणि ‘लोकशाही’ हिंदी वळणाने उमटते.

अलीकडे सीएसएसमध्ये मजकुराच्या चौकटीवरची-खालची फालतू मोकळी जागा छाटण्याचा एक गुणधर्म आला आहे. सफारीने २०२४ मध्ये आणि क्रोमने २०२५ च्या सुरुवातीला तो स्वीकारला. बटणातला मजकूर बरोबर मध्यात दिसावा म्हणून डिझायनर कित्येक वर्षं हे मागत होते, आणि आता टेक्स्ट कंपोनंटांमध्ये तो बसवला जातो आहे. छाटायचं कुठे, हे सांगण्याचे पर्याय ठरलेले आहेत: वरून कॅपिटल अक्षराच्या माथ्याशी किंवा लहान ‘एक्स’च्या माथ्याशी, खालून रोमन अक्षरं ज्या रेषेवर उभी राहतात तिथे. शिरोरेषेशी छाटा, असं सांगणारा पर्याय त्यात नाही.